शून्य मिलिमीटर

माझा राग नाकावर असतो. यव्होन, माझी बायको, म्हणते की नाकावरसुद्धा नाही. तो माझ्या दोन पावलं पुढे चालतो आणि मी मागाहून पोचतो. चोपन्न वर्षांत या रागापायी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या, एक सख्खा भाऊ तुटला आणि पुढचा एक दात पडला. त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण गेल्या जुलैत घाटकोपरच्या पंचशील टेकडीवर खंडू साळवे नावाचा माणूस त्याच रागापायी मेला. आणि तो का मेला हे त्याच्या बायकोला, शकुताईला, कळू नये म्हणून मी दोन महिने खोटं बोललो.

मी अल्फान्सो मिस्किटा. राहणार मरोळ गावठण. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलतात, तरी लोक तोंडावर म्हणतात, "अरे वा, तुमचं मराठी किती छान!" अरे बाबांनो, तुमचे आजोबा एसटीतून उतरले तेव्हा माझा पणजोबा मरोळला भात लावत होता. असो. आधी मी फ्रीज दुरुस्त करायचो. आता एका कंपनीत आहे, ती उपनगरांत पाऊस मोजायची मशीनं बसवते आणि सांभाळते. माझ्या वाट्याला अठ्ठावीस मशीनं. मढला एका बंगल्यामागे आहे, त्यावर शूटिंगवाले टॉवेल वाळत घालतात. गोवंडीला एका गच्चीवर आहे, त्यात कावळे डंपिंगवरची हाडं आणून टाकतात. मी फिरत असतो, साफ करत असतो आणि शिव्या देत असतो.

मशीन म्हणजे काही रॉकेट नाही. वर एक नरसाळं. त्याखाली दोन चिमुकल्या वाट्या, बागेतल्या सी-सॉसारख्या. एक वाटी पावसानं भरली की कलंडते, टिक् असा आवाज होतो आणि दुसरी वर येते. किती वेळा टिक् झालं त्यावरून किती मिलिमीटर पाऊस पडला ते कळतं. खाली एक बंद डबा, त्यात बॅटरी, बोर्ड आणि सिमकार्ड. दर पंधरा मिनिटांनी तो डबा आकडा पाठवतो. तीन तासांत शंभर मिलिमीटर ओलांडले की टेकडीवरच्या साठ फोनांची रिंग आपोआप वाजते, तिथल्या बुद्धविहारावरचा भोंगा सुरू होतो आणि फोनवर रेकॉर्ड केलेली एक बाई सांगते: घर सोडा, खाली शाळेत या. दरडीखाली राहणाऱ्या माणसाला जीव वाचवायला एवढंच मिळतं.

पंचशील टेकडीवर मशीन बसवलं मे महिन्यात, बुद्धविहाराच्या स्लॅबवर. विहार झाडायचं काम शकुताईकडे, चावी तिच्याकडे, घरही तिचंच सगळ्यात जवळ. म्हणून मशीनही तिच्याच हवाली केलं. पंचेचाळिशीची, बारकी, सतत काही ना काही हातात असलेली बाई. सकाळी खालच्या बिल्डिंगींत पोळ्या करायची. मूळची बुलडाण्याकडची. माझं नाव ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली होती.

"अल्फान्सो म्हंजे हापूसच ना?"

"हो. पण आंबट."

त्या दिवसापासून मी हापूसभाऊ.

तिचा नवरा खंडू पवईच्या एका टॉवरवर रात्रपाळीचा वॉचमन. उंच, अबोल. टेकडीवर त्याला मान होता, कारण मशीन येण्याआधी मशीन तोच होता. बावीस वर्षं जोराचा पाऊस लागला की तो, वेळ पडली तर पाळी बुडवूनसुद्धा, काठी घेऊन नाल्यापाशी जाऊन उभा राहायचा. पाणी काळं असेपर्यंत ठीक. ते लाल व्हायला लागलं, की वरची माती सुटली. मग तो दारोदार काठी आपटत जायचा आणि सगळ्यांना बाहेर काढायचा. लोक शिव्या देत बाहेर पडायचे. बावीस वर्षांत माणूस दगावला नव्हता.

मशीन बसवून झाल्यावर तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आता मी झोपलो तर चालंल?"

"बिनधास्त झोपा, खंडूभाऊ. तुमची ड्यूटी आता हे करणार."

तो हसला. मी त्याला हसताना तेवढंच पाहिलं.

शकुताईला मी काय सांगितलं? सगळीकडे सांगतो तेच. "पोटच्या पोरासारखं सांभाळा याला." नरसाळं कशाला, वाट्या कशाला, हे नाही सांगितलं. कंपनीच्या कागदावर तासाभराचं प्रशिक्षण लिहिलेलं असतं. मी पाच मिनिटांत सही घेतो. कोण समजावत बसणार, पालथ्या घड्यावर पाणी, असं माझं मत. स्वतःच्या शहाणपणावर माझा फार विश्वास होता.

तिनं मात्र खरंच पोरासारखं सांभाळलं. रोज फडक्यानं पुसायची. कावळे बसू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. मी गेलो की चहा व्हायचा, सोबत पारले. माझ्या अठ्ठावीस मशीनांत तेच एक असं होतं की जिथं मला चिडायला कारण मिळायचं नाही.

ते मिळालं जुलैतल्या एका शुक्रवारी. आदल्या आठवड्यात रिमझिम झाली होती, आकडे नीट येत होते. मी नेहमीच्या तपासणीला गेलो, स्लॅबवर चढलो, खालच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत पाणी. बोर्डावर थेंब. अजून दोन दिवस गेले असते तर सगळं जळून गेलं असतं. आणि माझं डोकं फिरलं.

"शकुताई! वर या! हे काय आहे? आत पाणी गेलंच कसं?"

ती शिडीवरून धावत आली. हाताला पीठ होतं.

"एक थेंब आत जाता कामा नये, एक थेंब! चाळीस हजारांचं मशीन आहे! सांभाळायचं म्हणजे काय, नुसतं फडकं मारायचं? साठ घरांचा जीव आहे यावर, कळतं का तुम्हाला?"

खाली बायका पाण्याच्या रांगेत उभ्या होत्या, त्या वर बघायला लागल्या. शकुताईनं पदराला हात पुसले. मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, साहेब."

त्या दिवशी मी हापूसभाऊ नव्हतो.

ती गेल्यावर मी डबा कोरडा केला, आणि झाकण लावताना लक्षात आलं की एक स्क्रू अर्धाच फिरवलेला आहे. मागच्या वेळी मीच तो तसा सोडला होता. पाणी तिथून आलं होतं. मी स्क्रू गच्च आवळला, अवजारं भरली आणि खाली उतरलो. चहा झाकून ठेवला होता. मी प्यायलो नाही. चूक झाली म्हणायला जीभ वळली नाही. ओरडायला बरी वळली होती.

शनिवारी टीव्हीवर रेड अलर्ट आला. संध्याकाळपासून पाऊस लागला तो लागलाच. रविवारी सकाळी चर्चमधून मास आटपून घरी आलो, कपडे बदलले. यव्होननं बाटलीमसाल्यातलं मटण चढवलं होतं. सव्वानऊला कंट्रोल रूममधून दर्शनाचा फोन. ती तिथं आकड्यांवर नजर ठेवते.

"अल्फीसर, पंचशील शून्य दाखवतंय. काल संध्याकाळपासून शून्य. विक्रोळीला शंभर ओलांडले, तिथला भोंगा पण वाजला."

"बॅटरी?"

"फुल. सिग्नल पण येतोय. दर पंधरा मिनिटांनी शून्य पाठवतंय."

मी शकुताईला फोन लावला. ती कामावर होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"शकुताई, मशीन ठीक आहे ना?"

"एकदम ठीक, हापूसभाऊ." तिच्या आवाजात आनंद होता, शुक्रवारनंतर मी आपणहून फोन केला होता ना. "काय बी काळजी करू नका. तुम्ही निवांत राहा."

आणि मी निवांत राहिलो. पुढचा एक प्रश्न विचारायचा होता: तिकडे पाऊस आहे का? चार शब्द. मी दर्शनाला सांगितलं, "मशीन ठीक आहे. मुंबईचा पाऊस गल्ली बघून पडतो, तिकडे नसेल पडत. उद्या जाऊन बघतो." आणि मटणाचा वास घेत पेपर वाचत बसलो.

अकरा वाजून पाच मिनिटांनी टेकडी खाली आली.

मी पोचलो तेव्हा एक वाजला होता. अग्निशमनवाले, पोलीस, दोरखंड, छत्र्या. सात घरं गेली होती. रविवार असून बहुतेक माणसं बाहेर होती. वरून दगड घसरायला लागल्यावर बाकीची पळाली. झोपलेला माणूस एकच होता. रात्रपाळी करून साडेआठला आला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा शकुताई तिथंच होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. ती रडत नव्हती. खंडूच्या कानातली माती करंगळीनं काढत होती.

विहार शाबूत होता. मी मागून शिडी लावून स्लॅबवर चढलो.

मशीनला कपडे घातले होते. आधी एक जुना टॉवेल गुंडाळलेला. त्यावर साडीच्या दुकानाची जाड पिशवी. त्यावर निळी ताडपत्री, बरोबर मापात कापलेली, नरसाळ्याचं तोंड गच्च बंद केलेलं, आणि खालपर्यंत सुतळीचे सात वेढे. प्रत्येक वेढ्याला दोन गाठी. टेकडीवर पावसाळ्याआधी प्रत्येक घराला निळं प्लास्टिक चढतं. छपराला, खिडकीला, गॅसच्या शेगडीला, पोरांच्या दप्तरांना. जे जपायचं ते झाकायचं. तिनं मशीन जपलं होतं. एक थेंब आत जाता कामा नये, असं मी सांगितलं होतं.

गाठी सुटेनात. मी कटर काढला आणि सुतळी कापली. ताडपत्री निघाली तसा पाऊस नरसाळ्यात पडला, आणि पंधरा-वीस सेकंदांत आतून आवाज आला. टिक्. मग परत टिक्. मी तिथं ओल्यात बसलो आणि कुत्र्यासारखा रडलो. मला माझी लाज वाटत होती, आणि ती कुठं ठेवायची ते कळत नव्हतं.

"अंकल."

शिडीच्या टोकाशी आकाश होता, शकुताईचा मुलगा. तेविशीचा, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. त्यानं माझ्या हातातली ताडपत्री पाहिली, नरसाळं पाहिलं, वाट्यांचा आवाज ऐकला. शिकलेला मुलगा, त्याला समजायला मला तोंड उघडावं लागलं नाही. त्याचा चेहरा आधीच रडून सुजला होता, तो आता नुसता रिकामा झाला.

"आईला नका सांगू," तो म्हणाला.

"मीच तिला ओरडलो होतो, आकाश. मीच म्हणालो होतो की—"

"ते मला नका सांगू. तुम्ही काय म्हणालात त्यानं मला काय फरक पडत नाय. आईला सांगायचं नाय, बस. ती जगणार नाय."

मी ताडपत्री, पिशवी, टॉवेल आणि सुतळीचे तुकडे माझ्या बॅगेत कोंबले.

सोमवारी नंदकिशोरनं, म्हणजे माझ्या साहेबानं, रिपोर्ट मागितला. मी लिहिलं: नरसाळ्यात कचरा अडकल्याने नोंद झाली नाही. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं. "एवढंच ना?" मी म्हटलं, एवढंच. तो सुटला, मी सुटलो, शकुताई सुटली. तिला वाचवण्यासाठी खोटं लिहिलं असं मी स्वतःला समजावत होतो, पण त्या खोट्यात माझी नोकरीही वाचत होती. आणि दोन्हींतलं खरं कारण कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही. चर्चमध्ये पापकबुलीच्या, कन्फेशनच्या रांगेत दोनदा उभा राहिलो आणि दोनदा रांग सोडून घरी आलो.

खंडूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलो. साळव्यांना खाली एका जुन्या इमारतीत तात्पुरती खोली दिली होती. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली स्टुलावर खंडूचा आयडी कार्डवरून मोठा केलेला फोटो, वॉचमनच्या टोपीतला. वंदना झाली. माणसं उठून जेवायला गेली. शकुताईनं मला शेजारी बसवून घेतलं.

"हापूसभाऊ, एक विचारू? मशीन का नाय बोललं?"

आकाश पाण्याचा जग घेऊन उभा होता, तो थांबला.

"कचरा अडकला होता, ताई. नरसाळ्यात."

"कचरा?" तिला ते लागलं. "माझ्या मशीनमध्ये कचरा? शनवारी संध्याकाळी मी सोता वर गेले. शेजारच्या मालननं शिडी धरली. टावेल बांधला, पिशवी बांधली, वरून ताडपत्री. सुतळी अशी आवळली का हात सोलले माझे." तिनं तळवे उघडून दाखवले. व्रण अजून होते. "तुम्ही शुक्रवारी बोललात ते माझ्या मनाला लई लागलं होतं. म्हटलं, आता काय बी झालं तरी बोलायला जागा ठेवायची नाय. कचरा सोडा, एक थेंब आत जाऊ दिला नाय मी."

खोलीत तिघंच होतो. आकाशनं जग खाली ठेवला, तिच्यापाशी उकिडवा बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरोबर केलंस, आई," तो म्हणाला. "मशीनच आतनं बिघडलं होतं. काय अंकल?"

"हो. कंपनीचा मालच खराब. तुमच्याकडून काही कमी नव्हतं."

तिचे खांदे सैल झाले. "सकाळी हे आले तवा म्हणाले व्हते, नाल्याचं पानी लाल दिसतंय. काठी घेतली व्हती हातात. मीच म्हटलं, रातभर जागलाय तुम्ही, झोपा आता. मशीन हाय ना. फोन यील." तिनं फोटोकडे बघितलं. "तेवढंच मनात टोचत व्हतं, का माझंच काय चुकलं काय."

मी जेवण न घेता उठलो. आकाश जिन्यापर्यंत मला सोडायला आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. असं वाटलं, आता हे खोटं आमच्या दोघांच्या अंगावर कायमचं पडलं, आणि तेवढ्यावर ते निभेलही.

पण टेकडी अजून तिथंच होती. सात घरं गेली तरी खाली पन्नासावर घरं उरली होती. सप्टेंबरात परत मुसळधार पावसाचा अंदाज आला, तेव्हा कंपनीनं ठरवलं की पंचशीलच्या मशीनसाठी नवीन माणूस नेमायचा आणि वस्तीला बोलावून नीट, पूर्ण तासाचं प्रशिक्षण द्यायचं. देणार कोण, तर मी. नवीन माणूस म्हणजे मालन, शकुताईची शेजारीण, जिनं शिडी धरली होती ती.

आदल्या दिवशी मी आकाशला फोन केला. "आईला आणू नकोस."

"तिला मामाकडे कल्याणला पाठवतोय. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

बुद्धविहारात तीसेक माणसं जमली, बायकाच जास्त. मी मशीनचा जादा सुटा नमुना टेबलावर ठेवला, शेजारी पाण्याची बाटली. बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात दारातून शकुताई आली. पांढरी साडी. मागे आकाश, धापा टाकत. त्यानं माझ्याकडे बघून हात हवेत उडवले: काय करू, ऐकतच नाही.

"मशीन माझ्या हाती व्हतं," ती सगळ्यांना म्हणाली. "मालनला कसं सांभाळायचं ते मी नाय सांगणार तर कोण?" आणि पहिल्या ओळीत बसली.

मी बॅटरीबद्दल बोललो. सिग्नलबद्दल बोललो. डब्याच्या स्क्रूबद्दल इतकं बोललो की एक म्हातारा झोपला. नरसाळ्याचं नावच काढलं नाही. चाळीस मिनिटं मी त्या नरसाळ्याला वळसे घालत राहिलो. शेवटी म्हणालो, "काही शंका?"

मालननं हात वर केला. साधी, भोळी बाई. "सर, जोराचा पाऊस आला का झाकायचं कशानं? ताडपत्री तुम्ही देणार, का आमची वापरायची? शकुताईनं बांधली व्हती तशी?"

कोणाला काहीच वावगं वाटलं नाही. दोन-तीन बायकांनी मानासुद्धा हलवल्या. दारापाशी आकाशनं डोळे मिटून घेतले.

खोटं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. झाकण आम्ही देऊ, असं म्हणायचं आणि मागाहून मालनला बाजूला घेऊन सांगायचं. पण मागाहून म्हणजे कधी? बाकीच्या तीसजणांना कोण सांगणार? उद्या मालन गावी गेली आणि दुसरीच बाई प्रेमानं वर चढली तर? समोर एक पोर आईच्या मांडीवर झोपलं होतं. मी शकुताईकडे बघितलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, थोडी अभिमानानं.

"झाकायचं नाही," मी म्हणालो. "कधीच झाकायचं नाही. पाणी वरून आत गेलंच पाहिजे. पाणी आत गेलं तरच ते मोजतं."

मी बाटली उचलली आणि नरसाळ्यात धार सोडली. टिक्. टिक्. टिक्.

शकुताई उठली. टेबलापाशी आली. वाकून आतल्या वाट्या बघितल्या, बराच वेळ. मग विचारलं, "हे असं वाजलं, का मगच फोन येतो?"

"हो, ताई."

"नायतर नाय येत?"

"नाही येत."

तिनं उजव्या हाताचा तळवा नरसाळ्यावर पालथा ठेवला. गच्च. "ओता."

"ताई, नको."

"आई, चल ना घरी," आकाश म्हणाला.

"ओता म्हणते ना, हापूसभाऊ."

मी ओतलं. पाणी तिच्या बोटांवरून, मनगटावरून, टेबलावरून खाली फरशीवर गेलं. एकदाही टिक् झालं नाही. बाटली संपेपर्यंत ती मला थांबा म्हणाली नाही आणि मलाही थांबता आलं नाही.

मग तिनं हात काढला आणि मालनकडे वळली. "बघितलंस? झाकायचं नाय. समद्यांनी ऐका. मी झाकलं व्हतं."

कोणीतरी पाठीमागे हुंदका दिला. मी टेबलाच्या पुढे आलो. तीस माणसांसमोर मी हात जोडले, आयुष्यात पहिल्यांदा. "चूक माझी आहे, ताई. डब्याचा स्क्रू मी सैल सोडला आणि ओरडलो तुमच्यावर. थेंब जाता कामा नये असं मीच म्हणालो. मी शिकवलं नाही तुम्हाला. रिपोर्टमध्ये मी खोटं लिहिलं, ते आजच बदलतो. सगळं माझ्यामुळे झालं."

ती माझ्यावर ओरडेल, मारेल, असं वाटलं. खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही ओरडलात म्हणून बांधलं, ते खरं हाय," ती हळू म्हणाली. "पण तुम्ही फोन केला व्हता. मशीन ठीक हाय का म्हणून विचारलं व्हतं. मीच म्हटलं, निवांत राहा. आणि ह्यांच्या हातातली काठी पण मीच काढून ठेवली."

आकाश पुढे आला, तिचा ओला हात आपल्या शर्टाला पुसायला लागला. तिनं तो सोडवून घेतला. चप्पल शोधली, घातली. दारात थांबून मला म्हणाली, "तुम्ही समद्यांना नीट शिकवा. पयल्यापासनं. मी जाते. घरी जाऊन ह्यांना सांगाया पायजे."